बाराला बारा, आणि तरीही 'पण...'

इंटरव्ह्यू छान चाललेला असतो. मार्क्स भन्नाट, प्रोजेक्ट भन्नाट, इंग्रजीही ठीकठाक. मग समोरचा साहेब बायोडेटाचं पहिलं पान परत उलटतो आणि विचारतो, ''अच्छा, कॉलेज कुठलं म्हणालात?'' तुम्ही नाव सांगता. तो नुसतं ''ओके'' म्हणतो. त्या 'ओके'मध्ये काय काय भरलेलं असतं, ते लहान गावातून आलेल्या मंडळींना वेगळं सांगायला नको.

डिसेंबर २००६ मध्ये अमेरिकेतली एक अख्खी कॉलेज फुटबॉल टीम हे 'ओके' ऐकत होती. टीमचं नाव बॉयसी स्टेट. गाव बॉयसी, राज्य आयडाहो. आयडाहो म्हटलं की अमेरिकन माणसाला पहिल्यांदा बटाटे आठवतात. आयटीतल्या लोकांना कदाचित मायक्रॉन आठवेल, तिचं हेडक्वार्टर तिथलंच. फुटबॉल मात्र कुणालाच आठवत नव्हता. आणि या टीमने त्या सीझनमध्ये बारा मॅच खेळून बाराच्या बारा जिंकल्या होत्या. १ जानेवारी २००७ ला तिची गाठ होती ओक्लाहोमाशी, फिएस्टा बाऊलमध्ये.

तर आज जरा वेगळा उद्योग करू या. आपण ३१ डिसेंबर २००६ च्या संध्याकाळी बसलो आहोत असं समजायचं, पार्टीला अजून वेळ आहे, आणि समोर या टीमच्या बारा मॅचचे स्कोअर आहेत. टीम खरंच चांगली आहे की नुसती नशीबवान, एवढंच ठरवायचं. ज्यांना निकाल माहीत आहे त्यांनी कृपया गप्प बसावं!

आधी खेळाचं दोन मिनिटांत. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू, हेल्मेट, खांद्यावर चिलखत, आणि बहुतेक काम हातांचं. चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्याला द्यायचा. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की टचडाउन, म्हणजे सहा गुण. त्यावर किक मारून एक गुण मिळतो, किंवा छाती असेल तर पुन्हा एकदा चेंडू आत नेऊन दोन. लांबून किक मारून फील्ड गोल केला तर तीन. बस्स, एवढ्यावर तुम्ही कुठल्याही अमेरिकन क्लायंटसमोर दहा मिनिटं तग धरू शकता.

'बाऊल' हे नाव वाडग्यासारख्या स्टेडियमवरून पडलं आणि मग सीझनअखेरच्या मोठ्या मॅचलाच चिकटलं. आता यातली गंमत अशी, की त्या काळी वरच्या पातळीच्या कॉलेज फुटबॉलमध्ये नॉकआउट नावाचा प्रकारच नव्हता. वरच्या विभागात ११९ टीम्स. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळणं अशक्य. म्हणून १९९८ पासून बीसीएस नावाची पद्धत आली होती: काही मतदान, काही कॉम्प्युटर्स, त्याची खिचडी करून पहिला आणि दुसरा नंबर काढायचा, आणि फक्त त्या दोघांना फायनल खेळवायची. बाकीच्यांनी आपापल्या बाऊलमध्ये जाऊन समाधान मानायचं. थोडक्यात, चॅम्पियन कोण हे मैदानावर ठरायच्या आधी अर्धं कागदावर ठरायचं. आपल्याकडच्या अप्रेझलची आठवण आली ना?

त्यात सहा बड्या गटांच्या विजेत्यांना मोठ्या बाऊलमध्ये राखीव जागा. बॉयसी स्टेट यातल्या कुठल्याच गटात नव्हती. ती वेस्टर्न अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपल्या रणजीच्या भाषेत प्लेट ग्रुप समजा. मुळात ही टीम वरच्या विभागात आली तीच १९९६ मध्ये. बाहेरच्यांपैकी मोठ्या बाऊलपर्यंत याआधी एकच टीम पोचली होती, २००४ च्या सीझनमधली युटा. २००६ ला नियम जरा सैल केला गेला: बाहेरच्या गटाचा विजेता क्रमवारीत पहिल्या बारात असेल तर त्याला जागा द्यायची. बॉयसी स्टेट आठवी आली आणि या खिडकीतून आत शिरली.

आता तो 'पण'. २००६ चा नेहमीचा सीझन संपला तेव्हा ११९ पैकी फक्त दोन टीम्स एकही मॅच हरलेल्या नव्हत्या. एक ओहायो स्टेट, एक नंबरला. दुसरी बॉयसी स्टेट. सरळ हिशेबाने या दोघींची फायनल व्हायला हवी की नाही? पण दुसऱ्या जागेसाठी अमेरिकेत दोन आठवडे जी हाणामारी चालली ती फ्लोरिडा आणि मिशिगन यांच्यात. दोघीही एकेक मॅच हरलेल्या! फ्लोरिडाला जागा मिळाली. बॉयसी स्टेटचं नाव त्या वादात गंमत म्हणूनसुद्धा कुणी घेत नव्हतं. कारण सगळ्यांकडे एकच वाक्य तयार होतं: बारा जिंकल्या हे ठीक, पण कुणाविरुद्ध?

प्रश्न चुकीचा नाही हं. मीसुद्धा तो विचारला असता. माझी तक्रार एवढीच, की प्रश्न विचारणाऱ्यांनी उत्तर शोधायची तसदी घेतली नाही.

ती आपण घेऊ. पहिली मॅच सॅक्रामेंटो स्टेटशी, ४५-०. खालच्या विभागातली टीम, सोडून द्या. दुसरी मॅच मात्र नीट बघा. ओरेगॉन स्टेट, बड्या सहा गटांपैकी पॅक-१० मधली. बॉयसीने त्यांना ४२-१४ असं धुतलं. इयान जॉन्सन नावाच्या रनिंग बॅकने एकट्याने २४० यार्ड पळून पाच टचडाउन केले. तेव्हा लोक म्हणाले, ओरेगॉन स्टेट यंदा कच्चीच दिसते. झालं काय, की याच 'कच्च्या' ओरेगॉन स्टेटने २८ ऑक्टोबरला सदर्न कॅलिफोर्नियाला ३३-३१ ने हरवलं. ती टीम तेव्हा देशात तिसरी होती! पण सप्टेंबरमधला निकाल परत काढून कोण बघतो? पहिल्या क्वार्टरमध्ये केलेलं काम मार्चच्या अप्रेझलला कुणाच्या लक्षात राहतं?

मग वायोमिंगमध्ये जाऊन १७-१०, जेमतेम. घरी हवाईविरुद्ध ४१-३४. ही मॅच बघणाऱ्यांना वाटलं की बॉयसीच्या डिफेन्सला भोकं आहेत. आहेतच. पण हवाईचा क्वार्टरबॅक कोल्ट ब्रेनन हा त्या सीझनमध्ये टचडाउन पासचा विक्रम करून बसला, ५८. त्याने सगळ्यांनाच घाम फोडला होता. पुढच्या आठवड्यात युटामध्ये, त्याच युटामध्ये जिने दोन वर्षांपूर्वी बाहेरच्यांसाठी दार उघडलं होतं, बॉयसी ३६-३ ने जिंकली. मला विचाराल तर या अख्ख्या सीझनमधली हीच सगळ्यात बोलकी मॅच. परकं मैदान, बरा संघ, आणि त्याला टचडाउनच करू दिला नाही.

ऑक्टोबरमध्ये गटातल्या बाकीच्या मॅचेस सुरू झाल्या आणि खरं सांगायचं तर इथे टीका करणाऱ्यांना थोडं बळ मिळतं. लुईझियाना टेकवर ५५-१४ हे ठीक. पण न्यू मेक्सिको स्टेट आणि शेजारची आयडाहो, दोन्ही वर्षभरात चारच मॅच जिंकलेल्या टीम्स, त्यांना बॉयसीने अनुक्रमे २८ आणि २६ गुण करू दिले. जिंकले आरामात, पण चॅम्पियन म्हणवणाऱ्याने इतकं ढिलं राहायचं नसतं. फ्रेस्नो स्टेट ४५-२१. आणि मग ११ नोव्हेंबर, सॅन होजे स्टेट. बाराचे अकरा व्हायची वेळ आली होती. २०-२० अशी बरोबरी, घड्याळात शेवटचे क्षण, आणि अँथनी माँटगोमेरीने फील्ड गोल मारून २३-२० केलं. ती किक खांबाच्या बाहेरून गेली असती तर फिएस्टा बाऊल विसरा, आज हा कॉलमही नसता.

त्या मॅचमध्ये इयान जॉन्सनच्या फुप्फुसाला इजा झाली. पुढची एक मॅच तो बसला (टीमने तीही ४९-१० जिंकली), आणि शेवटच्या नेवाडाविरुद्ध परत आला, ३८-७. सीझनअखेर १,६०० च्या वर यार्ड, २४ टचडाउन. हा गडी फावल्या वेळात क्रोशाने टोप्या विणायचा, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. सहा फुटी धिप्पाड माणूस, हातात क्रोशाची सुई... जाम आवडला मला.

बेरीज केली तर बारा मॅचमध्ये ४७३ गुण केले, १८७ दिले. म्हणजे सरासरी ३९ विरुद्ध साधारण १६. आकडे झकास. पण आकड्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट त्या डिसेंबरमध्ये घडत होती आणि तिच्याकडे बहुतेकांचं लक्ष नव्हतं. बॉयसीने हरवलेल्या टीम्सपैकी पाच जणी छोट्यामोठ्या बाऊल्समध्ये खेळत होत्या. २३ डिसेंबरला सॅन होजे स्टेट जिंकली. त्याच दिवशी युटा जिंकली. २४ ला हवाईने अ‍ॅरिझोना स्टेटला, पुन्हा पॅक-१० बरं का, ४१-२४ ने हरवलं. २९ ला ओरेगॉन स्टेटने मिझुरीला ३९-३८ ने हरवलं, तेही शेवटच्या मिनिटात बरोबरीची सोपी किक न मारता दोन गुणांसाठी जाऊन. (हे लक्षात ठेवा.) आणि ३१ ला नेवाडा मायामीकडून हरली, पण एका गुणाने. पाचपैकी चार जिंकल्या, पाचवी थोडक्यात हुकली. 'कुणाविरुद्ध?' या प्रश्नाचं उत्तर आठवडाभर टीव्हीवर चालू होतं.

मग भोकं कुठे? एक, तो डिफेन्स, ज्याचं वर सांगितलं. त्यात कोरी हॉलसारखा गटातला सर्वोत्तम डिफेन्स खेळाडू होता, तरी समोर बडे, जाडजूड ब्लॉकर आल्यावर काय होणार हा प्रश्न होताच. आणि दुसरं भोक म्हणजे क्वार्टरबॅक जॅरेड झब्रान्स्की. त्याचं काय झालं होतं ते सांगायला हवं.

२००५ च्या सीझनची पहिलीच मॅच जॉर्जियामध्ये. बड्या घरची टीम, प्रचंड गर्दी. झब्रान्स्कीने पहिल्या हाफमध्ये सहा वेळा चेंडू घालवला. सहा! चार पास समोरच्याच्या हातात, दोनदा हातातून सुटला. ४८-१३. अख्ख्या देशाने टीव्हीवर पाहिलं. त्या वर्षीचा शेवटही तसाच, बॉयसीच्याच मैदानावर बॉस्टन कॉलेजशी झालेल्या बाऊलमध्ये पराभव. त्यामुळे २००६ मध्ये झब्रान्स्की कितीही चांगला खेळला, तरी शंका घेणाऱ्यांच्या खिशात ते जॉर्जियाचं पान कायम घडी घालून ठेवलेलं होतं. मोठ्या स्टेजवर हा पोरगा परत थरथरेल, असं त्यांचं म्हणणं. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी हे खोडून काढायला कुणाकडे पुरावा नव्हता. बारा विजयांत 'मोठी स्टेज' एकही नव्हती.

बॉसचा किस्सा तर ऑफिसमध्ये सांगण्यासारखा. आधीचा कोच डॅन हॉकिन्स, पाच वर्षांत ५३ विजय, ११ पराभव. २००५ नंतर त्याला कोलोराडोची ऑफर आली. मोठी टीम, मोठा गट. तो गेला. बॉयसीने बाहेरून कुणी बडा माणूस आणला नाही, त्याच्याच हाताखाली ऑफेन्स सांभाळणाऱ्या ख्रिस पीटरसनला बढती दिली. मुख्य कोच म्हणून पहिलंच वर्ष, कॅमेऱ्यासमोर फारसं न रमणारा माणूस. वर्षाअखेर काय? कोलोराडो १२ पैकी २ मॅच जिंकली. बॉयसी बाराला बारा. हॉकिन्सला कमी लेखत नाही मी, नव्या जागी पहिलं वर्ष अवघडच असतं. पण टीमची घडी नक्की कुणी बसवली होती, याबद्दल जरा विचार करावासा वाटतो.

समोर ओक्लाहोमा. सात राष्ट्रीय विजेतेपदं, ८० हजारांवर माणसं बसतील असं घरचं स्टेडियम. बॉयसीचं जेमतेम ३० हजारांचं, आणि त्यात १९८६ पासून निळं मैदान. टीव्हीचा रंग बिघडला की काय असं वाटावं इतकं निळं. ओक्लाहोमाही सुखात नव्हती. मुख्य क्वार्टरबॅकला सीझनच्या तोंडावर टीमबाहेर काढलं होतं, पास पकडणाऱ्या पॉल थॉम्पसनला परत क्वार्टरबॅक करावं लागलं. ओरेगॉनविरुद्ध पंचांच्या ढळढळीत चुकीने ३४-३३ असे हरले, त्या पंचांवर नंतर कारवाईही झाली. टेक्ससकडून मात्र रीतसर हरले. मग ऑक्टोबरमध्ये त्यांचा स्टार एड्रियन पीटरसन (कोचच्या आणि याच्या आडनावात एका अक्षराचा फरक) गळ्याचं हाड मोडून घरी बसला. त्याच्याशिवाय सात मॅच जिंकून गटाचं विजेतेपद घेतलं. आणि आता तो परत आला होता. बुकींनी ओक्लाहोमाला साधारण सात गुणांचं झुकतं माप दिलं.

तेव्हा माझा त्या संध्याकाळचा निकाल असा असता: बॉयसी स्टेट देशातली सर्वोत्तम टीम आहे असं म्हणायला पुरावा नाही. ओहायो स्टेटच्या वर तर नाहीच. पण पहिल्या दहात ती पाहुणी म्हणून बसलेली नाही, तिने जागा कमावली आहे. ओक्लाहोमा सात गुणांनी भारी हेही पटत नाही. मॅच बरोबरीची, आणि ती ठरणार झब्रान्स्कीच्या हातावर.

आता निकाल माहीत असलेल्यांनी बोलायला हरकत नाही!

बॉयसी तिसऱ्या क्वार्टरमध्ये २८-१० ने पुढे होती. मग ओक्लाहोमा पेटली. शेवटच्या दीड मिनिटात २८-२८. आणि लगेच पुढच्याच खेळीत झब्रान्स्कीचा पास थेट समोरच्याच्या हातात, तो पळत जाऊन टचडाउन. ३५-२८, एक मिनिट शिल्लक. जॉर्जियाचं घडी घातलेलं पान घराघरांत उघडलं गेलं असणार.

मग शेवटचा प्रयत्न, १८ यार्ड हवेत, घड्याळ संपत आलेलं. झब्रान्स्कीने ड्रिसन जेम्सला पास दिला, जेम्सने धावता धावता चेंडू बाजूने येणाऱ्या जेरार्ड रॅबकडे टाकला, रॅब सुसाट. सात सेकंद बाकी, ३५-३५. ओव्हरटाइममध्ये एड्रियन पीटरसनने पहिल्याच खेळीत टचडाउन ठोकला. बॉयसीनेही केला, तोही क्वार्टरबॅकऐवजी दुसऱ्याच खेळाडूकडून पास टाकायला लावून. ४२-४१. एक किक मारली की बरोबरी. पीटरसनने, कोच पीटरसनने, दोन गुणांसाठी जायचं ठरवलं. ओरेगॉन स्टेटने तीन दिवसांपूर्वी केलं होतं तेच. झब्रान्स्कीने उजवीकडे पास टाकतोय असं भासवलं, डाव्या हाताने पाठीमागून चेंडू इयान जॉन्सनला दिला. मैदानाच्या त्या बाजूला अडवायला कुणीही नव्हतं. ४३-४२. जॉन्सनने त्यानंतर कॅमेऱ्यासमोर गुडघ्यावर बसून आपल्या चीअरलीडर मैत्रिणीला लग्नाची मागणी घातली. ती हो म्हणाली.

सात दिवसांनी त्याच स्टेडियममध्ये, अ‍ॅरिझोनातल्या ग्लेनडेलमध्ये, फ्लोरिडाने ओहायो स्टेटला ४१-१४ ने लोळवलं. म्हणजे आता अख्ख्या देशात न हरलेली टीम एकच उरली, १३-०. पत्रकारांच्या शेवटच्या मतदानात तिला पाचवा नंबर मिळाला. पहिल्या नंबरसाठी मत मिळालं एक.

बीसीएस २०१३ च्या सीझननंतर बंद झालं. मग चार टीम्सचा प्लेऑफ आला, २०२४ पासून बारांचा. त्या पहिल्याच बारांत बॉयसी स्टेट होती, तिसऱ्या मानांकनाने, पहिल्या फेरीत बाय मिळून. ३१ डिसेंबर २०२४ ला ती क्वार्टर फायनल खेळायला पुन्हा फिएस्टा बाऊललाच आली, त्याच ग्लेनडेलच्या स्टेडियममध्ये, आणि पेन स्टेटकडून ३१-१४ ने हरली.